सावनेरच्या पुढे, कापसाच्या शेतात दातांचं शिबिर

माझं नाव मी लिहिलं नव्हतं. हे आधीच सांगून टाकते, कारण कॉलेजात काहींना मी अजूनही फार सेवाभावी वाटते. सूचनाफलकावर कागद लागला होता: तीन दिवसांचं ग्रामीण दंततपासणी शिबिर, इच्छुकांनी नावं द्यावीत. परीक्षा तोंडावर असताना इच्छुक कुठून येणार? माझी रूममेट प्रणाली अस्सल नागपूरकर. तिने स्वतःचं नाव लिहिलं आणि खाली माझंही. जाब विचारला तर म्हणाली, एकटी बोअर होऊन जाईन ना. मी मूळची सांगलीची, बीडीएसच्या शेवटच्या वर्षाला. एवढ्या वर्षांत कॉलेज, होस्टेल आणि रेल्वे स्टेशन यापलीकडचं नागपूर फारसं पाहिलंच नव्हतं. म्हटलं, चला.

आदल्या दिवशी इतवारीत जाऊन वाटायचे टूथब्रश घाऊक घेतले. एवढे ब्रश बघून दुकानदाराने आम्ही कुठे दुकान टाकतोय याची चौकशी केली. आम्ही डॉक्टर होणार म्हटल्यावर त्याने भाव कमी केला नाही, पण बिल होईपर्यंत स्वतःची दुखरी दाढ आम्हाला दाखवून घेतली.

सकाळी गणेशपेठेतून सावनेरची एसटी पकडली. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे आम्ही चौघी निम्म्यात, आमचा एकुलता एक वर्गमित्र निखिल आणि आम्हाला घेऊन जाणारे कॉलेजचे सर पूर्ण तिकिटात. कोराडीची धुरांडी मागे पडली की दोन्ही बाजूंना पांढरी शेतं सुरू होतात. सावनेरला उतरलात तर तर्री पोहे खा, पण तर्री वेगळी मागा. सांगलीच्या माणसाला तिखट काय सांगता, असं म्हणून मी वाटीभर ओतून घेतली आणि पुढचा काळीपिवळी जीपमधला प्रवास नाक पुसत केला.

गावातल्या शाळेच्या हॉलमध्ये बॅनर लावला, खुर्च्या मांडल्या, टेबलावर प्लॅस्टरचा भलामोठा जबडा ठेवला. शिबिराची वेळ दहा. साडेअकरापर्यंत दोन आजोबा आले. त्यातल्या एकांच्या तोंडात तपासायला दातच नव्हता. त्यांना नुसता जबडा जवळून बघायचा होता.

गावच्या आशाताई, म्हणजे घरोघर जाऊन आरोग्याचं काम बघणाऱ्या आशा सेविका वंदनाताई, दारात उभ्या राहून आमची मजा बघत होत्या. शेवटी त्यांनाच राहवलं नाही.

"सप्पा बाया कापूस वेचाले गेल्या, सर. दहा वाजता गावात कोन राह्यते?"

सरांनी बॅनरवरच्या वेळेकडे पाहिलं. ती वेळ त्यांनीच ठरवली होती. चहा घेऊन ते म्हणाले, की मग उद्या आपण वावरात जाऊ.

दुसऱ्या दिवशी पिशव्या खांद्याला अडकवून दोन किलोमीटर चाललो. जबडा निखिलने उचलला होता. वाटेत भेटणारा प्रत्येक माणूस त्याला थांबवून हे कोणाचं, असं विचारत होता.

शेतात दहाबारा बायका कमरेला ओटी बांधून कापूस वेचत होत्या. त्यांची म्होरकी शेवंतामावशी. साठीची, काटक, आणि वाणी अशी की तिच्या ओळीतल्या बायका हसतच वेचत होत्या. आम्ही बाभळीखाली चादर अंथरून एकेकीला बोलावलं. सगळ्या आल्या, मावशी आली नाही. वंदनाताईंनी हात धरून आणलं तेव्हा माझ्यासमोर बसली आणि ओठ मिटून घेतले.

"मावशी, तोंड उघडा ना."

"भाकर खाले उघडत नाई, आता तुयासाठी उघडू का वं?"

सगळ्या बायका हसल्या. मीही हसले, आणि मग माझं हसणं थांबलं. मी तिला स्वतःची तीन बोटं उभी करून दातांमध्ये घालायला सांगितली. निरोगी तोंडात तीन बोटं सहज जातात. मावशीची दीड गेली. तिखट सोडलंय का, असं विचारलं, तर दोन वर्षांपासून आग होते म्हणून सोडलं, वय झालं आता, म्हणाली. कमरेच्या पिशवीत खर्र्याची पुडी होती. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला हा खर्रा नागपूरकडे पानटपरीवर कुठेही मिळतो. मावशी तो वीस वर्षं खात होती. टॉर्च मारला तर डाव्या गालाच्या आत पांढरा चट्टा दिसला, आणि त्याच्या मधोमध लाल ठिपके.

मी सरांना हाक मारली. त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि साध्या शब्दांत सांगितलं, की हा चट्टा चांगला नाही, तुकडा काढून तपासायला हवा, आमच्यासोबत उद्याच नागपूरला चला.

मावशी म्हणाली, वेचणी झाली की येते. वेचणी संपायला दीड महिना होता. सरांनी समजावलं, वंदनाताई रागावल्या, मी पुस्तकातलं सगळं सांगितलं. ती मान हलवत होती आणि ओटी परत बांधत होती. मला आतून फार असहाय वाटलं. मग मी तिला विचारलं, की उद्याच काय अडतं?

"हे वावर उद्यापर्यंत खाली करून देतो म्हनून जबान देल्ली हाय मालकाले. माया वाटचं कोन वेचन?"

"आज आम्हीही वेचून संपवलं तर उद्या याल?"

तिने माझ्या हातांकडे पाहिलं आणि म्हणाली, येईन.

मग आम्ही पाचजण ओळीत उतरलो. कापूस वेचणं लांबून फुलं तोडण्यासारखं दिसतं. जवळून त्या वाळल्या बोंडांची टोकं नखाखाली घुसतात. तासाभरात आम्ही पाचांनी मिळून जेवढं वेचलं, तेवढं एकट्या मावशीने गप्पा मारत वेचलं. निखिलच्या ओटीत कापसापेक्षा पालाच जास्त निघाला. थोड्या वेळाने सरही बाह्या सरसावून आले. आमची कीव आली म्हणून की काय, बाकीच्या बायकांनी हात जोरात चालवले. दुपारी बांधावर भाकरी, वांग्याची भाजी आणि जवसाची चटणी मिळाली. ती चटणी कुठल्याही हॉटेलात शोधू नका, मिळणार नाही. सूर्य बुडायच्या आत वावर रिकामं झालं.

तिसऱ्या दिवशी एसटीत मावशी माझ्या शेजारी बसली. पाटणसावंगी येईपर्यंत तिने मागच्या बाकावरच्या दोघींची आणि कंडक्टरचीही तीन बोटांची तपासणी करून टाकली होती. कंडक्टर पास झाला.

कॉलेजच्या दवाखान्यात तुकडा काढला, तेव्हा मात्र ती माझा हात सोडत नव्हती. दहा दिवसांनी रिपोर्ट घ्यायला वंदनाताईंसोबत आली. मी कागद वाचला, मग पुन्हा वाचला. कॅन्सर नव्हता. पण त्याच्या वाटेवरचे बदल होते. खर्रा बंद केला, उपचार घेतले आणि नियमित येत राहिली, तर सांभाळता येण्यासारखं होतं. हे सगळं मी तिला नीट सांगितलं.

"चांगलं हाय ना मंग?" तिने विचारलं. "तं तू काहून रडून राहिली?"

नर्सिंग, फार्मसी, फिजिओथेरपी, काहीही शिकत असाल आणि अशा शिबिराची संधी आली, तर जा. नाव कोणी परस्पर लिहिलं तरी जा. बॅनर छापण्याआधी गावातल्या आशाताईंना फोन करून लोक घरी कधी असतात तेवढं विचारा. हिवाळ्यात, म्हणजे कापूस वेचणीच्या दिवसांत जाणार असाल तर पूर्ण बाह्यांचा शर्ट घ्या. मावशी त्या रिपोर्टनंतर दोनदा तपासणीला आली. एकदा खर्रा खाल्ल्याचं स्वतःच कबूल केलं, आणि मी ओरडायच्या आत मलाच दटावलं.

परीक्षा संपवून मी सांगलीला गेले. माझे वडील तंबाखू मळतात. मी खोलीत आले की डबी खिशात जाते, हे मी शाळेत असल्यापासून बघत आले आहे. मी दातांचंच शिकत होते, आणि घरातलं हे एक तोंड मी कधी तपासलं नव्हतं. त्यांना विचारायची मला भीती वाटत होती, हे मला तेव्हा कळलं.

सकाळी त्यांची खुर्ची अंगणात उन्हाकडे तोंड करून ठेवली. ते काही न विचारता येऊन बसले, चष्मा काढला, म्हणाले, "लवकर बघ, डेअरीला जायचंय."

मी बघितलं. दोन्ही गाल गुलाबी होते, स्वच्छ होते. मी टॉर्च बंद केला आणि तशीच उभी राहिले. डबी त्यांनी अजून सोडलेली नाही. पण आता ती माझ्यासमोर टेबलावर असते, आणि आम्ही तिच्याबद्दल रोज बोलतो.