अंदाजे घासलेली काच

एकोणतीस वर्षं एखाद्याच्या पाठीला पाठ लावून बसल्यावर त्या माणसाबद्दल काय कळतं? फ्रेमवाल्यांना विचाराल, तर ते मान खाली घालून खरं तेच सांगतील: पाठ कळते.

चष्म्याच्या दुकानामागच्या अरुंद खोलीत काचवाले खिडकीकडे तोंड करून काचा घासायचे, कारण बारीक ओरखडा उजेडातच दिसतो. फ्रेमवाले भिंतीकडे तोंड करून, दिव्याखाली, त्या काचा फ्रेममध्ये बसवायचे. घासलेली काच काचवाले हात मागे करून द्यायचे, फ्रेमवाले न बघता घ्यायचे. बोलणं म्हणाल तर शिंक, खोकला आणि नंबर.

काचवाले झोपेतच गेले. दुकानात छोटी शोकसभा ठरली आणि त्यांच्या मुलीचा फोन आला.

"काका, दहाएक स्लाइड करा. पाच मिनिटांत बाबा दिसले पाहिजेत. लिहायचं कमी, फोटो जास्त." मग म्हणाली, "दोन वर्षं आम्ही बोललो नाही, तुम्हाला माहीतच असेल. दुकानात माझं नाव तरी काढायचे का हो?"

भांडण झालंय हेच फ्रेमवाल्यांना त्या क्षणी कळलं. "बघतो," एवढंच त्यांच्या तोंडून निघालं.

काउंटरवरच्या ताईंनी कॉम्प्युटर लावून दिला. "काका, माउस आहे तो. स्क्रू असल्यासारखा पिळू नका!"

दुकानाचे जुने फोटो धुंडाळले. प्रत्येकात सगळे दात काढून उभे आणि मागे, खिडकीपाशी, काचवाल्यांची पाठ. फोटोसाठीसुद्धा हा माणूस जागचा हलायचा नाही.

"चार स्लाइड नुसत्या पाठीच्या?" ताईंनी विचारलं.

"दुसरं काय आहे माझ्याकडे?"

पाचवीवर त्यांनी काचवाल्यांचं एक वाक्य टाकलं. कुणी गिऱ्हाईक डोळे न तपासता 'साधारण मागचाच नंबर द्या' म्हणालं, की खोलीतून आवाज यायचा, "अंदाजानं भाजीत मीठ घालतात, काच नाही घासत!"

पुढे काही सुचेना. शेवटी फ्रेमवाल्यांनी, चोरी करत असल्यासारखं, काचवाल्यांचा खण उघडला. आत पत्र्याचा डबा. डब्यात चष्मे, लहानापासून मोठ्यापर्यंत, आणि प्रत्येकाला दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी. चिठ्ठीवर नंबर, खाली वय. सहा वर्षं. आठ. अकरा. सगळ्या फ्रेम फ्रेमवाल्यांनीच जुळवलेल्या. ती गुलाबी तर काडीला चिकटपट्टी लावून दोनदा वाचवलेली. दर खेपेला नंबर पावानं चढलेला.

शेवटचे दोन चष्मे कोरे होते. एक गेल्या वर्षीचा, एक पंधरवड्यापूर्वीचा. नंबर आणखी पाव, आणखी पाव. दोन्ही चिठ्ठ्यांवर वयाच्या खाली एकच शब्द होता: अंदाजे.

फ्रेमवाल्यांनी दोन्ही चष्मे दिव्याखाली धरले. हे दोन्हीही त्यांच्याच हातून गेले होते. कुणाचे, म्हणून त्यांनी एका शब्दानं विचारलं नव्हतं.

सभेत ते कॉम्प्युटरपाशी उभे राहिले. स्लाइड तेवढ्या पुढे सरकत राहिल्या. पाठ, वाक्य, मग एकेक चष्मा, आणि शेवटी ती चिठ्ठी. पहिल्या रांगेत मुलीनं तोंडावर पदर धरला.

लोक पांगल्यावर फ्रेमवाल्यांनी डबा तिच्या हातात ठेवला. तिनं शेवटचा चष्मा काढून डोळ्यांवर चढवला.

"काका, माझा नंबर वाढलाच नाही हो. दोन वर्षांपूर्वीच थांबला."

"मग काढ तो. डोकं दुखेल."

"दुखू दे." डबा बंद करत तिनं विचारलं, "शेवटचं काय बोलले तुमच्याशी?"

काहीतरी चांगलं, लक्षात राहण्यासारखं सांगावं असं फ्रेमवाल्यांना फार वाटलं. पण घडलं होतं ते असं: गेले त्याच्या आदल्या संध्याकाळी काचवाल्यांनी हाच चष्मा हात मागे करून परत दिला होता.

"नाकावरची बटणं जरा सैल कर. टोचतील."

"उद्या करतो."

"उद्या कर. तोवर माझ्या खणात राहू दे. आता नीघ, बस चुकेल तुझी."

"बरं."