गाव न विचारणारा फोन

हे गेले. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे आपापल्या गावी परतले, मुलगीही पुण्याला नोकरीवर गेली. मांजर्लीच्या घरात मी एकटी उरले. त्याच आठवड्यात तो पहिला फोन आला. नंबर अनोळखी होता आणि बोलणाऱ्या बाईचा आवाज मऊ, जरासा खाली आणलेला. सरांबद्दल कळलं, फार वाईट वाटलं, असं ती म्हणाली. यांच्या कारखान्यातल्या कोणाची तरी बायको असेल असं समजून मी आभार मानले. मग तिने त्याच आवाजात सांगितलं की डायलिसिसमध्ये घर किती रिकामं होतं ते त्यांना माहीत आहे, आणि त्यांच्याकडे माझ्यासारख्या स्त्रियांसाठी कर्जाची एक खास सोय आहे.

मी फोन ठेवला. नको असलेले फोन सगळ्यांनाच येतात, त्याचं विशेष नव्हतं. पण माझा नवरा गेला हे या बाईला कळलं होतं, आणि तो कोणत्या आजाराने गेला हेही.

मी उल्हासनगरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. कोणी कोणतं पुस्तक नेलं हे मला रोज दिसतं आणि ते मी कोणाला सांगत नाही. एकदा एका मुलीचे वडील विचारायला आले होते, आमची मुलगी काय वाचते म्हणून. त्यांना मी चहा पाजला आणि तसंच परत पाठवलं. अशा स्वभावाच्या बाईने नवऱ्याच्या मृत्यूची बातमी फोनवर फोटोसकट फिरवावी, हे होणं नव्हतं. नातलगांना तोंडी कळवलं होतं, तेवढंच. मग बातमी बाहेर गेली कुठून?

पुढे फोन वाढले. स्वयंपाक करताना मी एखादा व्हिडिओ लावते, त्याच्या आधी संगमरवरी फोटोफ्रेमची जाहिरात येऊ लागली. मग एकट्या स्त्रियांच्या सहलीची. एके दिवशी भाजी चिरत असताना एक हसरा, पिकल्या केसांचा गृहस्थ पडद्यावर आला आणि पन्नाशीनंतरही जोडीदार मिळू शकतो म्हणाला. मी फोन पालथा घातला. तेव्हापासून घरात फोन पालथाच ठेवायची मला सवय लागली, जणू तो उताणा असला की बघतो.

मुलीला सांगितलं तर ती पलीकडून कंटाळल्या सुरात म्हणाली, "आई, तू कुठल्या तरी ॲपला परवानगी दिली असशील. बाबांची औषधं मागवायचीस ना, ते बंद झालं. दवाखान्यात जाणं बंद झालं. त्यावरून कळतं त्यांना. सगळ्यांचंच होतं हे."

मला ते पटलं नाही. सगळ्यांचं होतं म्हणजे कोणीच करत नाही, असं कसं असेल? आमच्या इमारतीत कोणाकडे काय शिजलं हेसुद्धा कोणीतरी कोणाला सांगितल्याशिवाय कळत नाही. बातमी माणसाच्या तोंडून जाते अशी माझी समजूत होती. म्हणून मी तोंडं शोधू लागले. खालचा औषधवाला आधी मनात आला. त्याच्याकडे जाणं मी सोडलं आणि डोकेदुखीची गोळीसुद्धा स्टेशनजवळून आणू लागले. समोरच्या शेजारीण बाई चौकशीला आल्या की दार अर्धंच उघडू लागले. आणि मग एका संध्याकाळी माझ्या मनात माझा दीर आला, आणि आला तो जाईना.

भाऊजी यांच्याहून बरेच धाकटे. उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये त्यांचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, एका बाजूला शिलाईचं वर्कशॉप आणि दुसऱ्या बाजूला एका सिंधी व्यापाऱ्याचं चार्जर-कव्हरचं होलसेल. भाऊजी स्वतः दिवसभर सिंधी, हिंदी आणि मराठी एकाच वाक्यात बोलणारे. यांच्या आजारपणात आणि नंतरही दर रविवारी न चुकता घरी यायचे. आणि हे गेले त्या दिवशी यांचा फोन भाऊजींच्या शर्टाच्या खिशात होता, कारण माणसं त्याच नंबरवर फोन करत होती आणि उत्तर देण्याच्या स्थितीत मी नव्हते. पुढे त्याची चार्जिंगची पिन बिघडली म्हणून तो दुरुस्तीला त्यांच्याच दुकानात राहिला. त्या फोनमध्ये यांचे रिपोर्ट होते, फोटो होते, बँकेचे मेसेज होते. कुलूप कसं उघडायचं ते भाऊजींना ठाऊक होतं. फोन उघडून आत बघणं हाच त्यांचा धंदा. मला याहून जास्त काय हवं होतं?

पुरावा मिळवायचा रस्ताही माझ्याकडे होता. हे डायलिसिसला एकटे जात तेव्हा कुठवर पोचले ते मला दिसावं, म्हणून मुलीने यांचं खातं माझ्याही फोनमध्ये घालून ठेवलं होतं. तेव्हा मी दर थोड्या वेळाने नकाशा उघडायची आणि निळा ठिपका दवाखान्यावर थांबला की कामाला लागायची. नंतर तो नकाशा उघडायचं धाडस झालं नव्हतं. आता उघडला. फोन जिथे जिथे गेला त्याची रेघ दिवसागणिक तिथे जमा होती. हे गेले त्या दिवसाची रेघ दवाखान्यातून घरी आली होती आणि घरून स्मशानात गेली होती. स्मशानाच्या नावाखाली विचारलं होतं, तुमचा इथला अनुभव कसा होता? आणि रंग भरायला पाच चांदण्या दिल्या होत्या.

ते पाहून मी नकाशा मिटायला हवा होता. मी पुढचे दिवस पाहिले. दुकान, भाऊजींचं घर, पुन्हा दुकान. आणि मध्येच अंबरनाथ. हे गेल्यानंतर लगेचच ती रेघ अंबरनाथ पूर्वेला एका ठिकाणी गेली होती आणि तिथे बराच वेळ थांबली होती. पुढे पुन्हा एकदा. ठिकाणाचं नाव म्हणून नकाशा एका कर्ज देणाऱ्या फायनान्स कंपनीचं नाव दाखवत होता.

कर्जवाली बाई, तिचा मऊ आवाज, आणि भावाचा फोन खिशात घालून त्या दारात गेलेले भाऊजी. सगळं जुळलं.

दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर मी कॅम्प चारला गेले. भाऊजी डोळ्याला भिंग लावून कोणाच्या तरी फोनचं पोट उघडून बसले होते. मला पाहताच स्टूल पुसून पुढे केलं आणि शेजाऱ्याला हाक मारून चहा सांगितला. मी चहा नको म्हटलं, यांचा फोन परत मागितला. पिन अजून यायची आहे, असं ते म्हणाले. असू दे, आहे तसा द्या, म्हटलं. त्यांनी ड्रॉवरमधून काढून दिला. मग मी विचारलं,

"यातलं काही कोणाला दिलंत का, भाऊजी?"

त्यांनी भिंग काढलं. शेजारच्या शिलाई मशिनी चालू होत्या, म्हणून ऐकू आलं नसेल असं मला वाटलं. पण ऐकू आलं होतं.

"वहिनी," ते म्हणाले, "लोक बायकोच्या हातात देत नाहीत ते फोन माझ्या टेबलावर उघडे टाकून जातात. आणि तुम्ही मला हे विचारताय? दादाच्या फोनबद्दल?"

मी फायनान्स कंपनीचं नाव घेतलं. तिथे तुम्ही दोनदा गेला होतात, म्हटलं. असल्या कुठल्या कंपनीत मी आयुष्यात पाऊल टाकलेलं नाही, असं ते म्हणाले. मी नकाशा समोर धरला. त्यांनी तो नीट पाहिला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर राग दिसायच्या आधी एक वेगळंच काहीतरी दिसलं. मला वाटलं, पकडले गेले.

"म्हणजे तुम्ही माझ्या मागे फोन लावलात," एवढंच ते म्हणाले आणि भिंग पुन्हा डोळ्याला लावलं.

पुढच्या रविवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. यांच्या घराकडून माझ्याकडे येणारं हे एकच माणूस उरलं होतं. पहिला स्मृतिदिन जवळ येत होता, आणि त्या दिवशी यांच्या फोटोपाशी यांच्या रक्ताचं म्हणून मुलीशिवाय कोणी उभं राहणार नाही, हे मला दिसत होतं. तरी मी फोन केला नाही. ज्याने भावाचं मरण विकलं त्याच्याबरोबर मी वंदनेला कशी बसणार?

मग तो मेसेज आला. दुपारची जेवणाची सुट्टी होती, वाचनालयात कोणी नव्हतं. मेसेजात यांचं पूर्ण नाव होतं, श्री. लावून. लिहिलं होतं की त्यांच्या आत्म्याला सद्गती मिळावी म्हणून वर्षश्राद्धाच्या आधी पिंडदान करून घ्या, ब्राह्मण, साहित्य आणि राहण्याची सोय आम्ही करू, घरबसल्या ऑनलाइन विधीही उपलब्ध. खाली हात जोडलेलं चित्र.

मी तो तीनचारदा वाचला. सुरुवातीला नेहमीची चीड आली. मग एकदम काहीतरी अडलं.

आमच्या सासऱ्यांच्या वडिलांनी धम्म स्वीकारला तेव्हापासून आमच्या घरात पिंड नाही, श्राद्ध नाही. आमच्यात जलदान होतं, पुण्यानुमोदन होतं, वंदना होते. हे औषधवाल्याला माहीत आहे, तो कार्यक्रमाला आला होता. शेजारीण बाईंना माहीत आहे. भाऊजींना तर काय सांगायचं, पांढरी वस्त्रं त्यांनीच आणली होती. आमच्या माणसाने, आमच्या ओळखीच्या कोणीही ही बातमी विकली असती, तर त्याबरोबर हेही गेलं असतं. आमचं आडनाव असं आहे की त्यावरून चटकन काही कळत नाही. म्हणून माणसं पुढे हळूच विचारतात, गाव कुठलं तुमचं? आयुष्यभर मला त्या प्रश्नाचा राग आला आहे. पण माणूस तो विचारतोच, विकणारासुद्धा. ज्याने हा मेसेज पाठवला त्याला यांचा आजार, यांचं नाव, यांच्या मृत्यूचा महिना सगळं ठाऊक होतं, आणि आम्ही कोण ते मात्र नव्हतं. ते जे काही होतं, ते कधी आमच्या दारात आलेलंच नव्हतं.

तरी फायनान्स कंपनी होतीच. माझा संशय इतक्या सहज सोडणारा नाही. त्याच संध्याकाळी मी अंबरनाथला उतरले आणि रिक्षावाल्याला नकाशावरचं ठिकाण दाखवलं. कंपनीची पाटी रस्त्यालाच होती. तिच्या बाजूने एक बोळ आत जात होता. बोळात पत्र्याचं छप्पर असलेलं एक लहान विहार होतं, दारात चपला, आत कोणीतरी सतरंजी झटकत होतं. ते आमच्या कार्यक्रमाला आलेले बौद्धाचार्य होते. त्यांनी मला लगेच ओळखलं. तुमचे दीर इथेच आले होते, म्हणाले; पहिल्यांदा कार्यक्रमाचं ठरवायला, आणि नंतर एकदा नुसतेच. नुसतेच म्हणजे, असं मी विचारलं. बसले होते, असं ते म्हणाले. घरी वहिनीसमोर रडता येत नाही म्हणत होते.

मी तिथे उभी राहून नकाशा उघडला. निळा ठिपका माझ्यावर होता आणि नाव फायनान्स कंपनीचं होतं. विहार नकाशात नव्हतंच.

कॅम्प चारला पोचले तेव्हा भाऊजी शटर ओढायच्या तयारीत होते. मी काय पाहून आले ते सगळं सांगितलं, माफी मागितली. त्यांनी ऐकून घेतलं. लगेच काही विरघळले नाहीत. शेजारच्या सिंधी व्यापाऱ्याने गल्ल्यावरून विचारलं, "क्या साईं, भाभी आज भी चाय नहीं पिएगी?" तेव्हा भाऊजी म्हणाले, "पिएगी. आज मेरे पे शक थोड़ा कम है." मग मी स्टुलावर बसले.

माझा फोन घेऊन त्यांनी एकेक परवानगी दाखवली. औषधांच्या ॲपला माझे सगळे नंबर कशाला हवे होते? पंखा-लाइट चालवायच्या ॲपला माइक? टॉर्चला मी कुठे आहे ते? मी प्रत्येकाला कधीतरी हो म्हटलं होतं. त्यांनी एकेक बंद केलं. यातल्या कोणी विकलं, विचारलं तर म्हणाले, ते मलाही सांगता येणार नाही, आणि बंद केलं म्हणून थांबेल असंही नाही. ते अजून थांबलेलं नाही. परवाच कोणीतरी फोनवर गुडघ्यांबद्दल विचारलं. गुडघ्यांबद्दल मी फक्त मुलीशी बोलले होते.

शेवटी नकाशा राहिला. यांच्या फोनमागची ती रेघ पुसायची तर सगळीच पुसावी लागत होती. मांजर्लीहून स्टेशन, स्टेशनहून कारखाना, दवाखाना, परत घर. भाऊजींनी बोट वर धरलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"दादाचं सगळं जाईल, वहिनी."

मी म्हटलं, "तुम्हाला तर माहीत आहे ना, ते कुठे कुठे जायचे ते. तुम्ही सांगत जा."

"सगळं माहीत आहे," ते म्हणाले. "शनिवारी डायलिसिस झालं की सरळ घरी नाही यायचा तो. आधी इथे. मग आम्ही दोघं पलीकडे..." आणि ते थांबले. "नको. वहिनीला सांगू नको म्हणाला होता."

पथ्याविरुद्ध काहीतरी खाणं असेल, असं माझ्या मनात आलं. कदाचित दुसरंही काही असेल. विचारावंसं फार वाटलं.

"मग नका सांगू," मी म्हटलं.

त्यांनी बोट टेकवलं. चहा आला.