तांबड्या पाण्याच्या दोन बाटल्या

"पाय बाहेर ठेवून ये," विज्ञानाचे सर म्हणाले. अख्खा वर्ग खदाखदा हसला. मी दारातच उभी. पायांना मिठागरातला चिखल, टाचांच्या भेगांत मीठ. पहाटे आयबरोबर मिठाच्या टोपल्या वाहून तशीच ठाण्याच्या शाळेत पळत आलेले. पाय कुठे ठेवणार होते?

देश स्वतंत्र झाला त्याच्या पुढच्या वर्षाची गोष्ट. मी तेरा वर्षांची. विज्ञान मला भारी आवडायचं. मिठागरात मीठ धरायच्या आधी पाणी तांबडं होतं. का? सर म्हणाले, "माती असते. बस खाली." आय म्हणाली, "बाय, आपलं काम मिठाशी. रंगाशी नाय."

मला काही ते पटेना. दोन बाटल्या तांबडं पाणी आणलं. एकीतलं चुलीवर खळखळून उकळलं, परत भरलं. दोन्ही उन्हात ठेवल्या. चार-पाच दिवसांत उकळलेल्या पाण्याचा रंग उडाला. दुसरीतला गडद होत गेला. माती अशी मरते होय? पाण्यात जिवंत काहीतरी होतं, ते मी शिजवून मारलं होतं! कुणी सांगितलं नव्हतं. माझं मीच शोधलेलं. इतका आनंद मला आयुष्यात पुन्हा झाला नाही.

आता एकच हवं होतं. शाळेच्या काचेच्या कपाटात सूक्ष्मदर्शक होतं. त्यातून तो जीव एकदा बघायचा. एकदाच. मी बाटल्या सरांना दिल्या, सगळं सांगितलं. त्यांनी बाटल्या ठेवून घेतल्या.

शाळेच्या प्रदर्शनात माझ्या बाटल्या टेबलावर. बाजूला सूक्ष्मदर्शक. आणि पुठ्ठ्यावर नाव आमच्या मिठागराच्या शेठच्या मुलाचं. माझ्या हातात तांब्या. पाहुण्यांना पाणी द्यायला.

तपासायला आलेल्या साहेबांनी त्याला विचारलं, "एक बाटली का उकळलीस?" तो सरांकडे बघायला लागला. माझ्याच्यानं राहवलं नाही. घडाघडा सांगून टाकलं. साहेब हसले. "मोलकरीण चुणचुणीत आहे हो तुमची!"

सर म्हणाले, "पाणी दे साहेबांना."

"नाही देणार. बाटल्या माझ्या आहेत."

तांब्या टेबलावर आपटला. दोन्ही बाटल्या छातीशी धरून निघाले. सूक्ष्मदर्शकात बघायचं राहिलं. हातभर अंतरावर होतं मेलं.

शाळेतून नाव त्याच दिवशी कापलं. शेठनं माझ्या बापाला बोलावून सुनावलं, "खाल्ल्या मिठाला जागावं माणसानं." बापूस हात जोडून उभा. अरे वा! मीठ पिकवायचं आम्ही, आणि जागायचंही आम्हीच? घरी आयनं झोडपलं, मग मलाच पोटाशी धरून रडली. दुसऱ्या दिवसापासून शाळा नाही. डोक्यावर टोपली.

अकरा वर्षं झाली, मिठागरातल्या पोरींनो. मी अजून टोपलीच वाहते. तेव्हाही शाळेतून कुणी विचारत आलं नाही, आता तर कोण येतंय? उन्हात चकाकणाऱ्या मिठानं डोळे अधू व्हायला लागलेत. तो जीव मी पाहिला नाही. पाहणारही नाही.

माझी पोर यंदा त्याच शाळेत जाते. काल घरी येऊन म्हणाली, "आये, उद्या पाहुणे येणारेत. मला तांब्या धरून उभं राहायचंय."

आज मी शाळेत जाणार आहे. मिठागरातून थेट, याच पायांनी, न धुता. तिच्या हातातला तांब्या काढून घेणार. तिला तो जीव दाखवायला कपाटाची चावी मागणार. नाही दिली, तर काच फोडणार.