बीपीचा पट्टा

सकाळी साडेपाचला कंपनीची बस येते आणि पाचलाच आमच्याकडे छळ सुरू होतो. गेल्या वर्षी माझ्या हृदयात स्टेंट बसवला, तेव्हापासून बायकोने बीपीचं मशीन जेवणाच्या टेबलावरच मांडून ठेवलंय. माझ्या दंडाला पट्टा आवळायचा, बटण दाबायचं आणि बजावायचं, "अहो, बोलू नका." न बोलता नुसतं चिडलं तरी बीपी चढतं, हे या बाईला कोण सांगणार? मुलगी दप्तर भरता भरता वर सुनावते, "पप्पा, डोन्ट टॉक." मी तोंडही उघडलेलं नसतं.

खाण्याचं तर विचारूच नका. नाशिकहून सुट्टी संपवून येणारा प्रत्येक जण पापड, शेव, लोणचं घेऊन येतो. ते आमच्या घरी येतं आणि माझ्या डोळ्यांदेखत वरच्या फळीवर जातं. माझी भाजी अळणी, बाकीच्यांची वेगळी. चालायचं म्हटलं तर सौदीतल्या या जुबैलच्या उन्हात चालणार कुठे? म्हणून संध्याकाळी मॉलमध्ये फेऱ्या. इथे लोक दुकानासमोर हॉर्न वाजवतात आणि चहा गाडीत येतो. मी मात्र मुद्दाम पार्किंगच्या पार टोकाला गाडी लावून तंगडतोड करायची. एकदा ऑफिसात समोसा खाल्ला, तर मी घरी पोहोचायच्या आत बातमी पोहोचलेली. आमच्या प्लांटमधला अलार्मसुद्धा इतका तत्पर नाही.

आणि ती स्वतः? माझ्या फेऱ्या चालू असताना बाकावर बसून राहायची. "तुम्ही या जाऊन, माझं डोकं दुखतंय." घरी सगळ्यांना वाढून झालं की ओट्यापाशी उभ्यानेच जेवायची: मुलीने टाकलेल्या खारट नूडल्स, बरणीच्या तळाचं लोणचं. टाकवत नाही म्हणे. डोकेदुखीचं खापर एसीवर. एकदा डॉक्टरला दाखव म्हटलं की उत्तर ठरलेलं, "मला काय धाड भरलीय?"

मागच्या महिन्यात एका सकाळी माझं डोकं फिरलं. समोर अळणी उपमा आणि ती पट्टा घेऊन उभी. "आज मी नाही लावणार," म्हटलं, "आधी तुझं लाव." ती हसली, बस चुकेल म्हणाली. मी हट्टाने तिच्या दंडाला पट्टा गुंडाळला. मला फक्त तिची जिरवायची होती.

आकडा आला. माझ्या सगळ्यात वाईट दिवसांतही मी तेवढा पाहिला नव्हता. "मशीन बिघडलंय," ती म्हणाली. मी माझं मोजलं, अगदी ठीक. तिला थोडा वेळ शांत बसवून पुन्हा तिचं मोजलं. जवळपास तोच आकडा. बाहेर बसने हॉर्न दिला, तेव्हा मी खिडकीतूनच जा म्हणून हात केला. तशातही ही बाई म्हणते, "अहो, तुमचा डबा भरून ठेवलाय."

क्लिनिकमध्ये डॉक्टरांनी हिंदीत विचारलं, "सिरदर्द कब से है?"

"इनको स्टेंट डाला, तब से." ती माझ्याकडे बघत नव्हती.

"तो अब तक दिखाया क्यों नहीं?"

"इनको टेन्शन होता."

तिथल्या तिथे तिच्यावर ओरडावं असं वाटलं. त्याऐवजी डॉक्टरांना तिच्या गोळ्यांच्या वेळा दोन-दोनदा विचारून घेतल्या. वर्षभर घरात हृदय काय ते मला एकट्यालाच आहे, अशा थाटात वावरत होतो आम्ही सगळे.

आता पाचला दोघांचं मोजतो. गोळी घेतलीस का विचारलं की ती फणकारते. मॉलमध्ये दोन फेऱ्या झाल्या की बाक शोधते. परवा लोणच्याची बरणी पिठाच्या डब्यामागे सापडली. काय करावं या बाईला?

आज सकाळी तिच्या दंडावर पट्टा फुगत होता. "अहो, मशीनला नाक लावून काय बघताय?" तिने विचारलं.

"बोलू नकोस," मी खेकसलो आणि आकडा येण्याची वाट बघत राहिलो.