डब्यातला नकाशा

नाचणगावात बऱ्याच घरांतलं कोणी ना कोणी लष्कराच्या डेपोत कामाला असायचं. आमच्या घरातले हे. आत दारूगोळा असतो, याहून जास्त आम्हा बायकांना माहीत नसे. कुंपणाजवळ फोटो काढायचा नाही, अनोळखी माणसाला डेपोबद्दल काही सांगायचं नाही, हे मी लग्न होऊन आल्यापासून ऐकत आले. त्यामुळे नवा माणूस दिसला की त्याच्या हातात काय आहे ते मी आधी बघते.

दोन हजार साल उलटून काही वर्षं झाली होती. वरची खोली आम्ही आष्टीकडच्या एका मुलीला भाड्याने दिली. कापसावर अभ्यास करते म्हणायची, पण वावरात जाताना ती मला कधी दिसली नाही. दिवसभर दार लोटून लॅपटॉपसमोर बसलेली असायची.

चहा द्यायला गेले की मी तिच्या खांद्यावरून बघून घ्यायची. ती इंग्रजी अक्षरांच्या ओळी लिहायची, बटण दाबायची, की पडद्यावर देशांचा नकाशा यायचा. प्रत्येक देशावर एक लाल खांब उभा. चीनवरचा उंच, आपल्यावरचा बुटका. एकदा फोनवर कोणाला तरी सांगत होती, "चीनचा खांब समुद्रात जाऊन पडून राह्यला. उद्यापर्यंत जागेवर आणते." मी चहा तिथेच ठेवून खाली आले.

तिला विचारलं असतं तर तिने सांगितलंही असतं. पण विचारणं मला जमत नाही. सासू-सासऱ्यांसमोर मी ह्यांच्याशीही बोलत नसे. काही सांगायचं असलं की चिठ्ठी लिहून डब्यात पोळ्यांच्या फडक्याखाली ठेवायची. गेटवर डबे उघडून बघतात, म्हणजे माझी चिठ्ठी आधी शिपायाच्या हाती. "भाऊ, आज जिरं सरलं तुमच्या घरी," असं तो ह्यांना म्हणायचा.

म्हणून या वेळी मी चिठ्ठी लिहिली नाही, नकाशा काढला. चौथीत गुरुजींनी तो इतक्यांदा गिरवून घेतला होता की भारत मला न बघता काढता येतो. चीन अंदाजाने काढला. लाल पेनाने खांब उभे केले. मग वाटलं, धोका आपल्याला आहे हे ह्यांना कळावं कसं? म्हणून मधोमध एक ठिपका दिला आणि शेजारी लिहिलं, 'डेपो'. चिठ्ठी वाचणारा शिपाई नकाशाही बघणार, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

त्या दिवशी गेटवर नेहमीचा शिपाई नव्हता. दुपारी ह्यांच्यासोबत काम करणारा एक जण सायकलवर आला. ह्यांना गेटवर बसवून ठेवलं होतं. "नोकरीवर गदा येते वाटते," तो सासऱ्यांना म्हणाला. "साहेबानं भाडेकरणीले लॅपटॉप घेऊन बोलावलं."

मुलगी निघाली. सासूबाई मला म्हणाल्या, "तूही जा वो. पोरगी काय सांगते कोणास ठाऊक."

गेटवरच्या ऑफिसात हे बाकावर बसले होते. साहेबाच्या टेबलावर माझा कागद. मुलीने लॅपटॉप उघडला आणि खांब उभे करून दाखवले. कोणत्या देशात एकरी किती कापूस होतो, तेवढा त्याचा खांब. एक आकडा बदलून तिने चीनचा खांब बुटका करून दाखवला, पुन्हा उंच केला.

"हमारा इतनाही?" साहेबाने विचारलं.

"इतनाही है, साहब."

तो जरा हसला. मग कागदावर बोट ठेवून म्हणाला, "और ये? डेपो किसने लिखा?"

मुलीने कागद जवळ घेतला. "हे माझ्या नकाशात नाई, साहेब. हा कागदच माझा नाई." तिचा आवाज बारीक झाला होता. खोली तिची, नकाशे तिचे. कोणी काही बोललं नसतं तर ठिपकाही तिचाच ठरला असता, आणि हे सुटले असते. मी पदर ओढून उभी राहिले. किती वेळ, ते आता लिहवत नाही.

हे खाली बघत होते. इतक्या वर्षांच्या चिठ्ठ्या. माझं अक्षर त्यांना ओळखू येत नव्हतं थोडंच.

"मी लिहिलं," मी म्हटलं. परक्या माणसापुढे मी बोललेलं हे पहिलंच वाक्य असेल. मग उरलेलंही सांगावं लागलं, मुलीच्या देखत.

साहेबाने कागद ठेवून घेतला, माझी सही घेतली. चौथ्या दिवशी ह्यांना पुन्हा कामावर घेतलं. मुलगी त्याच आठवड्यात खोली सोडून गेली. जाताना सासूबाईंच्या पाया पडली, माझ्याशी बोलली नाही.

ती गेल्यावर मी ह्यांना तोंडाने विचारलं, "तिच्याजवळ नकाशे हायेत हे साहेबाले कोणं सांगितलं?"

"मी. पंखा दुरुस्त कराले गेलतो तवा पाह्यले होते."

"अन् अक्षर माझं हाय, हे काऊन नाई सांगितलं?"

"मंग काय तुले अडकवाचं होतं?"

हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. पण साहेबाला तिचं नाव सांगताना ह्यांच्या मनात मी होते की नोकरी, ते मला त्यांच्या तोंडावरून कळलं नाही. आणि त्या पोरीचे नकाशे त्यांनी माझ्याही आधी पाहिले होते. ते मला कधी बोलले नव्हते.