वरच्या बागेतला आंबा

आखातातल्या मीना सलमान बंदरावरच्या दारूच्या गोदामात मी स्टोअरकीपर आहे. संशय घेणं हेच माझं काम. कंटेनरचं सील, तापमानाचा तक्ता, बुचाखालची गळती बघितल्याशिवाय मी सही करत नाही. त्यात मी देवगडचा. पेटीत वर एक आंबा आणि खाली भलताच, हे लहानपणापासून पाहिलेलं.

त्या आठवड्यात माझ्या थोरल्या भावाने, दादाने, ओळखीच्या माणसाबरोबर विमानाने पेटी पाठवली. आंबा बारका आणि आंबट. मी लगेच फोन लावला.

"खरां सांग, कर्नाटकातलो मिसळलंस ना?"

"मोहोर करपलो रे. वरच्या बागेत थोडो ऱ्हवलो, तोच तुका धाडलंय."

"माका शिकव नको."

त्याने फोन ठेवला.

चार दिवसांनी फ्रान्सहून शॅम्पेनवाल्या बाई गोदामात आल्या. एकाच मळ्याची, एकाच वर्षाची बाटली. एरवी म्हणे अनेक मळ्यांची, अनेक वर्षांची वाइन एकत्र करतात, म्हणजे एका वर्षाचं वाईट हवामान दुसऱ्यात झाकलं जातं. इथे झाकायला काही नव्हतं. त्या वर्षी हिमाने कोवळे फुटवे करपले, तोडणीच्या वेळी पाऊस आला, कुजके मणी हाताने वेचून टाकावे लागले. उरलं ते थोडं, पण कसदार. नाचता येईना अंगण वाकडं, मी मनात म्हटलं.

"चख लो, फिर साइन करो," मॅनेजर म्हणाला.

पहिला घोट इतका आंबट की डोळे मिटले. खोट सापडली म्हणून मी खूश! "जरा थांबा," बाई म्हणाल्या. "आम्ही हिला कित्येक वर्षं तळघरात थांबवलंय." थोड्या वेळाने दुसरा घोट घेतला. आंबटपणा होताच, पण त्यामागून काहीतरी दाट आलं आणि घशात बराच वेळ राहिलं. मी सही केली.

घरी आलो तर उरलेले आंबे टोपलीत सुरकुतले होते. एक कापला. आंबटाच्या मागून वरच्या बागेची चव आली, जिच्यासाठी आम्ही दोघं लहानपणी मारामाऱ्या करायचो. देवगडचा असून मी साल सुरकुतायचीसुद्धा वाट पाहिली नव्हती. मला माझीच लाज वाटली.

दादाला फोन लावला, तो वहिनीने उचलला. "ते बागेत गेलेत," ती म्हणाली. मागे दादाचा खोकला मला स्पष्ट ऐकू आला.

"बरां," मी म्हटलं, आणि पुढे काही विचारलं नाही.