वरच्या घराचा जबाब

माझे मामा घरातसुद्धा वळसा घालून चालत. स्वयंपाकघरातून पाण्याचा पेला घेतला की आल्या दाराने परत यायचे नाहीत. मागच्या खोलीतून, मामींच्या शिवणयंत्राला फेरा घालून खुर्चीशी पोचायचे. "माणूस आहे की घाण्याचा बैल?" मामी म्हणायच्या. पण उभा जन्म मामांनी डोंगरावर टपाल पोचवलं होतं आणि ती फेरी गोल होती. सकाळी गावामागचा चढ, मग माथ्यावरचा गवताळ माळ, पलीकडच्या खोऱ्यात उतार आणि ओढ्याच्या काठाकाठाने संध्याकाळी घर. आल्या वाटेने परतणं म्हणजे त्यांना उष्ट्या ताटात जेवल्यासारखं वाटे.

माळावरचा वारा असा, की एकदा दार उघडलं तर लावताना नाकी नऊ येत. म्हणून तिथल्या घरांनी एक रीत पाडली होती. टपालवाल्याने पत्र दाराखालून सरकवायचं आणि दोनदा टकटक करायची. आतल्या माणसाने आतून दोनदा टकटक करायची. म्हणजे पत्र पोचलं, आम्ही बरे आहोत, तुम्ही निघा. हा जबाब ऐकल्याशिवाय उंबरा सोडायचा नाही. कुणी अंथरुणातून उठायला वेळ लावला तर मामा पावसात निथळत उभे राहत. कितीतरी लोकांची तोंडं त्यांनी वर्षानुवर्षं पाहिली नव्हती. टकटक मात्र ओळखायचे. "सुतार मुठीने ठोकतो, त्याची सून नखाने," असं सांगायचे.

मामा निवृत्त झाले आणि माळावरची माणसं एकेक करून खाली राहायला आली. वरच्या घरातली आजी तेवढी उरली. तिला आता पत्रं येत नव्हती, तरी मामांची फेरी सुटली नाही. गेल्या वर्षी ते दलदलीत पडले, आणि डॉक्टरांनी हृदयाचं सांगून चढ कायमचा बंद करायला सांगितला. मामींनी अन्नपाणी सोडायची धमकी दिली, तेव्हा कुठे मामा कबूल झाले: एकदाच जातो, तिला सांगून येतो.

सोबत मला धाडलं. निघताना मामींनी मला बाजूला घेतलं. "त्या म्हातारीला डोळ्यांनी बघून ये गं. खाते काय, सरपण कोण आणतं, विचारलं की हे म्हणतात, जबाब देते ना, मग झालं! मला त्या जबाबाचीच भीती वाटते."

चढावर मामा ठीक होते. माळावर पोचलो आणि धुकं उतरलं. पायाखालची जमीन स्पंजासारखी. आपण पाऊल उचलून पुढे गेलो की मागे चिखल जरा उशिराने 'चप्प' करायचा, जणू कुणी आपल्या पावलात पाऊल टाकत येतंय. मी दोनदा वळून पाहिलं.

"बघू नकोस," मामा म्हणाले. "एकदा बघायला लागलं की दर पावलाला बघावं लागतं."

धुक्यातून घरं समोर येत आणि जात. सगळ्यांची दारं नीट लावलेली. उंबऱ्यांवर गवत, कड्यांना गंज. कुठे पाखराचा आवाज नाही. एका घरापाशी मामा जरा रेंगाळले, हात वर केला, आणि खाली घेतला. "इथे नाही ठोकायचं," ते स्वतःशीच बोलले.

वरचं घर माळाच्या टोकाला होतं. मामांनी टोपी सारखी केली आणि दारावर दोनदा टकटक केली.

आतून टकटक आली. कोरडी, स्पष्ट, दोनदा.

मामांचा चेहरा असा खुलला की मला माझ्या भीतीची लाज वाटली. "सांग तुझ्या मामीला!" ते म्हणाले आणि धापा टाकत पायरीवर बसले. मी पाय मोकळे करते म्हणून घरामागे गेले. मागच्या खिडकीची काच फुटलेली होती. मी आत डोकावले.

छप्पर मधोमध कोसळलं होतं. पलंगावर नेचे उगवले होते. समोर पुढच्या दाराची आतली बाजू दिसत होती, आणि तिला टेकून गुडघाभर पाचोळा साचला होता. ओला, दबलेला, जुना. त्यावर कुणाचं पाऊल पडलेलं नव्हतं.

बाहेरून मामांचा आवाज आला. "आजी, माझ्याच्याने आता चढवत नाही. हा शेवटचा फेरा. येऊ मी?" मग त्यांची टकटक. मी त्या दाराकडे बघत उभी होते. काहीच झालं नाही.

मी पुढे आले. मामा दाराला कान लावून उभे होते. ओठ निळसर पडले होते.

"मामा, चला. अंधाराच्या आत खोऱ्यात उतरायला हवं."

"जबाब कुठे आला?"

"मामा, आत कुणी नाहीये. मी बघून आले. छप्परसुद्धा नाही."

"माहीत आहे मला. गेल्या वर्षीच पडलं ते." ते शांतपणे म्हणाले. "पण ठोकलं की जबाब येतो. तुझ्यासमोर आला की नाही? जबाब देणाऱ्याला तोंड चुकवून कसं जायचं?"

"आता नाही ना येत?"

"रुसली असेल. थांबू."

आम्ही थांबलो. धुकं राखाडी झालं, मग काळपट. मामांचा हात हातात घेतला तर बर्फ. उचलून न्यायची माझी ताकद नव्हती, आणि ओढून नेण्यासारखा माणूस तो नव्हे. शेवटी मी म्हटलं, "रुमाल मागे पडला वाटतं," आणि पुन्हा खिडकीपाशी गेले. फुटक्या काचेतून हात आत घातला आणि चौकटीवर बोटांनी एकदा ठोकलं. पोकळ घरात आवाज दणकन घुमला.

दुसऱ्यांदा ठोकायला बोटं उचलली, तेवढ्यात दुसरी टकटक झाली. समोरून, दारापाशी. मी बघतच होते. पाचोळ्याचं पानसुद्धा हललं नाही.

हात बाहेर काढताना काचेने मनगट कापलं, ते मला खोऱ्यात उतरल्यावर कळलं. पुढे आले तर मामा काठी टेकत चालायला लागलेसुद्धा होते. "चल, जाऊ दिलं तिने."

ओढ्यापाशी मात्र ते थांबले. माझ्या मनगटाकडे बघितलं, आपला रुमाल काढून बांधला. गाठ मारता मारता म्हणाले, "पहिली टकटक जरा कच्ची होती हं. दुसरी तिची."



मामी दारातच उभ्या होत्या. मामांनी बूट काढले आणि त्यांच्या हातात दिले. "ठेव कुठेतरी वर. आता लागायचे नाहीत."

"झालं?" मामींनी विचारलं.

"झालं. सोडलं तिने."